आमचे आप्पा मिस्त्री आणि त्यांनी बांधलेली घरं

ओळंबा (धागाकर्ती)

कोल्हापुरात नवा राजवाडा बघायला गेलात की मेजर मँट यांचं नाव हमखास कानावर पडतं. आराखडा त्यांचाच, यात वाद नाही. पण मँट १८८१ साली वारले आणि राजवाडा पुरा झाला १८८४ साली. मधल्या काळात तो काळा दगड कुणी घडवला, कमानीचे दगड कुणाच्या नजरेखाली जुळले, घड्याळाच्या मनोऱ्यावर ओझी कुणी चढवली? ती सगळी माणसं याच गावात राहिली असणार, इथंच म्हातारी झाली असणार. त्यांच्या नातवंडांनाही आज सांगता येणार नाही की हा दगड आमच्या आज्यानं बसवलाय.

माझे वडील, आप्पा, गेल्या पौषात गेले. ऐंशीच्या घरात होते. नेमकी जन्मतारीख त्यांची त्यांनाही ठाऊक नव्हती, दाखल्यावर १ जून आहे. उभा जन्म बांधकामात गेला. आधी बिगारी, मग गवंडी, मग मिस्त्री, आणि शेवटची काही वर्षं अंगावर कामं घेणारे ठेकेदार. तरी लोक शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणायचे आणि त्यांनाही तेच आवडायचं. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, आईची तशी इच्छा आहे. पण त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, आणि तुमच्या घरच्या, तुमच्या गल्लीतल्या अशा माणसांबद्दल वाचायचं आहे. म्हणून हा धागा.

आमचं मूळ गाव भोगावतीच्या काठाला, राधानगरी तालुक्यात. आजोबा राधानगरीच्या धरणावर दगड वाहायला होते. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही. महाराज १९२२ ला गेले आणि काम कितीतरी वर्षं रखडून मग पुन्हा सुरू झालं, त्या दुसऱ्या खेपेतले आमचे आजोबा. घरात एवढंच भांडवल, की दगडाची भीती नाही. चौथी झाल्यावर काही वर्षं गुरं राखून आप्पा कोल्हापूरला आले आणि एका वडार वस्तादांच्या हाताखाली लागले. वस्ताद हा शब्द आपल्याकडे तालमीत जेवढ्या आदरानं वापरतात, तेवढ्याच आदरानं आप्पा तो वापरायचे. पहिलं वर्षभर टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, हातात दिली नाही म्हणे. नुसता दगड वाजवून बघायचा. चांगला दगड खणखणतो, आत चीर असली की बद्द बोलतो.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तो कोल्हापुरातही चांगलाच जाणवला. त्यानंतर वस्तादांबरोबर आप्पा पाटणच्या बाजूला दुरुस्तीच्या कामाला गेले होते. तिथं पाहिलेलं त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की मला ते डोळ्यासमोर दिसतं. दगडी भिंत दोन पदरी असते. बाहेरचा पदर, आतला पदर आणि मधे डबर-माती. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड घातले नसतील, तर हादरा बसला की एक पदर बाहेर, एक आत, आणि छप्पर मधोमध खाली. घरं बाहेरून देखणी होती, आतून सुटी होती, असं आप्पा म्हणायचे. पुढं त्यांनी दगडाचं जेवढं काम केलं त्यात ठराविक अंतरावर आरपार दगड घातला म्हणजे घातलाच. मालक म्हणायचा, दिसत तर नाही, कशाला खर्च? आप्पांचं उत्तर ठरलेलं, "दिसत न्हाई म्हणूनच घालतोय."

मग सिमेंटचा काळ आला, म्हणजे सिमेंट मिळत नसण्याचा. सत्तरच्या दशकात पोत्यांसाठी परमिट लागायचं, मालक कचेरीत खेटे घालायचे आणि भिंत अर्धवट उभी राहायची. अशा वेळी आप्पा चुन्यातली कामं घ्यायचे. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्त्या तेव्हाच्याच. ऐंशीनंतर राजारामपुरीत, शाहूपुरीत आरसीसीची, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटची, कामं वाढली तेव्हा ते चाळिशीकडे झुकले होते. एका तरुण इंजिनिअरनं त्यांना नकाशा वाचायला शिकवला, आप्पांनी त्याला ओळंबा धरायला शिकवला. आप्पा गेल्यावर ते साहेब तिसऱ्याच दिवशी घरी आले होते. नकाशातली चूक मिस्त्रींनी पाया आखतानाच पकडली होती, असं दोन-तीन प्रसंग सांगून म्हणाले.

ओळंब्याचं सांगते, कारण माझं इथलं नावही त्यावरूनच घेतलंय. पितळी लोलक, दोरा आणि वरची लाकडी गट्टी. गट्टी भिंतीला टेकवायची, लोलक खाली सोडायचा, झुलायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. लोलक भिंतीला टेकला तर भिंत खाली बाहेर आलीय, जास्त लांब राहिला तर आत गेलीय. आप्पा नुसत्या डोळ्यांनी सांगायचे, "दोन सूत बाहेर हाय," आणि मग ओळंबा लावून पोरांना दाखवायचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुतांसाठी उभारलेला थर उतरवायला लावायचे. त्या दिवशीची हजेरी मात्र कुणाची कापली नाही. थर चुकला तर शिकवणाऱ्याचं चुकलं, असा त्यांचा हिशेब.

हजेरीची वही मी लिहायची. शाळेतून आले की लांबडी वही घेऊन बसायचं, पुऱ्या दिवसाला उभी रेघ, अर्ध्याला आडवी, रात्रीपर्यंत काम चाललं असेल तर दीड. उचल लाल शाईनं. शनिवारी मालकाकडून पैसे आले नाहीत तर आप्पा कुठून तरी हातउसने आणायचे, पण हजेरी वाटल्याशिवाय घरी यायचे नाहीत. आई सोमवारच्या बाजारापुरते पैसे आधीच बाजूला काढून ठेवायची, कारण शनिवारी रात्री आप्पांचा खिसा रिकामा असणार हे तिला माहीत. तीन आत्यांची लग्नं, धाकट्या काकांचं शिक्षण, आम्ही चार भावंडं, हे सगळं त्याच खिशातून झालं.

अमावास्येला काम बंद. बांधकामातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. तो दिवस आमचा. सकाळी अंबाबाई, मग रंकाळ्यावर भेळ, आणि वाटेत दिसेल त्या बांधकामासमोर आप्पांचं थांबणं. "ही सेंट्रिंग लवकर काढलीया बघ." सेंट्रिंग म्हणजे ओल्या स्लॅबला खालून दिलेला तात्पुरता आधार. आई म्हणायची, आज तरी भिंती बघू नकासा. खंडेनवमीला थापी, रंधा, ओळंबा, पाण्याची नळी सगळं धुऊन पाटावर मांडायचं, आणि पूजा वस्तादांचं नाव घेऊन व्हायची.

माणूस गेल्यावर दारात जी माणसं येतात, त्यांच्याकडून बरंच कळतं. आप्पांच्या हाताखाली शिकून मिस्त्री झालेले इतके लोक आले की आम्हाला अंगणात सतरंज्या पुरल्या नाहीत. कुणी इचलकरंजीला काम करतंय, कुणी कणकवलीला, एक जण पुण्यात मोठ्या प्रकल्पावर फोरमन आहे. ते सगळे एकमेकांना विचारत होते, "तुझ्या कामात आप्पांचं काय हाय?" आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. तेच मला इथं विचारायचं आहे. तुमच्या घराचा मिस्त्री कोण होता? त्याचं काय राहिलंय?

---

तांबडापांढरा

वाचून गप बसलो बगा. आमच्या शिवाजी पेठेतल्या घराला पन्नासेक वर्सं झाली, एक थेंब गळत न्हाई. मिस्त्रीचं नाव वडलांस्नी इचारलं, वडील म्हणाले "मिस्त्रीच म्हणायचो की." लई वाईट वाटलं. आज्जीला इचारतो, तिला म्हाईत असंल. तिनंच तर रोज चहा दिलाय त्येंना.

---

पाया पक्का

धागा काढल्याबद्दल आभार, ताई. मी पेशानं सिव्हिल इंजिनिअर, कॉलेज सांगलीला झालं, काम कोल्हापूर-जयसिंगपूर पट्ट्यात. पदवी घेऊन पहिल्या साइटवर गेलो तेव्हा माझ्या हातात पुस्तक होतं आणि मिस्त्रींच्या हातात थापी. त्यांनी मला सगळ्यात आधी शिकवलं ते पाणी. ते दोन ठिकाणी लागतं आणि दोन्हीकडे उलटा नियम आहे.

काँक्रीट कालवताना पाणी कमी. पन्नास किलोच्या एका पोत्याला साधारण पंचवीस लिटर, म्हणजे सिमेंटच्या वजनाच्या निम्मं. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी घालावं लागतं. ओतायला सोपं जावं म्हणून चार मग जास्त ओतले की ते पाणी पुढं उडून जातं आणि जागेवर बारीक पोकळ्या राहतात. ताकद घटते, गळती लागते, सळईला गंज धरतो. स्लॅब पडल्यावर मात्र उलट. तेव्हा पाणी जेवढं द्याल तेवढं थोडं. साध्या सिमेंटला किमान सात दिवस सतत ओलावा पाहिजे. आता बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट राखमिश्रित असतं, त्याला किमान दहा दिवस, आणि चौदा दिले तर उत्तम. आमचे मिस्त्री स्लॅबवर वाळू-सिमेंटच्या कडा घालून वाफे करायचे आणि पाणी भरून ठेवायचे. कॉलमला गोणपाट गुंडाळायचे. पुस्तकात हेच लिहिलंय, पण उन्हात वाफा आटला की जाऊन बघणारा माणूस पुस्तकात नसतो.

सेंट्रिंग लवकर काढल्याचं तुमच्या आप्पांना रस्त्यावरून कळायचं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू सात दिवस हलवायचे नाहीत, त्याहून मोठा गाळा असेल तर चौदा. बीम सहा मीटरपेक्षा लांब असेल तर एकवीस. प्लेटा-बल्ल्यांचं भाडं रोज चढत असतं, म्हणून घाई होते. ती घाई अडवणारा माणूस साइटवर बहुतेकदा मिस्त्रीच असतो. आम्ही दिवसातून एकदा फेरी मारून जाणार.

---

नवखा घरमालक

मला माफ करा, पण सगळेच मिस्त्री असे नसतात हे कुणीतरी लिहायला हवं. पाचगावला घर बांधतोय. आमच्याकडे होते त्यांनी स्लॅबच्या दिवशी मिक्सरमध्ये पाइपच धरून ठेवला होता. मी बोललो तर म्हणाले, साहेब, तुम्ही जेवणाचं बघा. पहिल्या पावसात जिन्याजवळ ओल आली. मिस्त्रींची थोरवी वाचताना मन भरून येतं, पण ज्याचे आयुष्याचे पैसे त्या स्लॅबमध्ये गेलेत त्यानं काय करायचं?

---

ओळंबा

नवखा घरमालक, माफी कशाला. तुम्ही लिहिलंय ते आप्पा असते तर त्यांनीही मान्य केलं असतं. त्यांच्या हाताखालून सुटून गेलेला एक जण असाच घाईनं कामं ओढायचा. आप्पांनी त्याला आमच्या घरी यायचं बंद केलं नाही, पण त्याची शिफारस कधी कुणाकडे केली नाही. मला वाटतं, ज्याचं नाव कुठंच लागत नाही त्याला चांगलं काम करायला स्वतःच्या मनाशिवाय दुसरा धाक उरत नाही. आणि वाईट काम करणाऱ्याला तर तेवढाही नाही. नाव लागलं पाहिजे असं मी म्हणते ते यासाठीही.

तुमच्या ओलीबद्दल पाया पक्का नीट सांगतील. आप्पा काय करायचे एवढं सांगते. जिन्याजवळची ओल बहुतेकदा स्लॅबमधून येत नाही, जिन्याच्या टोपीची भिंत आणि गच्ची जिथं मिळते त्या सांध्यातून येते. तिथं कोपऱ्यात गोलाई दिलेली नसते. आधी गच्चीत पाणी साठवून दोन दिवस बघायचे, कुठून उतरतंय ते. रंग, रसायन त्यानंतर.

---

पाया पक्का

ताई अगदी बरोबर. त्या गोलाईला आमच्याकडे वाटा म्हणतात. आधी तेच बघा. भर पावसात कुणी काही फासून देतो म्हणाला तर देऊ नका, उन्हाळ्यात सुक्यावर करा. आणि पुढच्या स्लॅबला मला कळवा, मी येऊन उभा राहीन. पैसे नकोत.

---

पंचगंगाकाठ

आम्ही चिखलीकडचे. पुराबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा आमच्यासाठी पुरा होणार नाही.

२००५ च्या पुरानंतर आमच्या वडिलांनी घर बांधायला काढलं. मिस्त्री कोल्हापुरातले, वयस्कर होते. त्यांनी पाया आखायच्या आधी जुन्या भिंतीवरची पुराची खूण बघितली आणि जोतं त्याच्या वर घ्या म्हणाले. वडील म्हणाले, एवढा भराव परवडायचा नाही. मिस्त्री दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते हिशेब करूनच. एक खोली कमी करा, जोतं वर घ्या, खर्च तोच पडतो. वडिलांनी ऐकलं. आई मात्र त्या खोलीवरून बरीच वर्षं बोलायची.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. २००५ च्या खुणेवर बांधलेलं जोतं त्याला पुरलं नाही, घरात पाणी आलंच. खोटं कशाला सांगू. पण खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतची भिंत त्यांनी विटेत न करता काळ्या दगडात सिमेंटनं केली होती आणि फडताळं सगळी उंचावर. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल काढला, भिंती धुतल्या आणि राहायला आलो. शेजारच्या मातीच्या भिंती बसल्या होत्या. आई त्या खोलीचं आता बोलत नाही.

ओळंबाताई, ते मिस्त्री तुमचे आप्पा होते का हे मला माहीत नाही. सायकलीवर यायचे, हँडलला पितळी डबा अडकवलेला असायचा आणि दुपारी आमच्या आजीशी राधानगरीच्या बोलीत गप्पा मारायचे.

---

ओळंबा

तेच. डबा अजून आहे, त्याचं झाकण आईनं दोनदा झाळून आणलंय.

एक खोली कमी करा, हे ते सगळीकडेच सांगायचे. निळ्या रेषेच्या आतलं नवं काम मात्र त्यांनी शेवटी शेवटी घेतलं नाही. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल असा धरलेला पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. आप्पा म्हणायचे, रेषा साहेबांनी कागदावर काढली, आपण ती डोळ्यांनी बघितली. एकदा मोठं काम त्यांनी यापायी सोडलं, घरात दसऱ्याला नवे कपडे झाले नाहीत त्या साली. तेव्हा मी रुसले होते. काम का सोडलं ते आम्हाला नंतर धाकट्या काकांकडून कळलं.

---

बावड्याची लेक

ताई, लेखन सुरेख आहे, आणि तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवूनच लिहितेय.

माझ्या आईनं कसबा बावड्यात आणि शहरात बिगारी म्हणून उभी हयात घालवली. डोक्यावर चुंबळ, त्यावर पाटी, आणि परांचीवरून चौथ्या मजल्यापर्यंत. गडी माणसाला हजेरी जास्त, बाईला कमी, आणि काम तेवढंच. माल कालवून किती घट्ट झालाय हे तिला हातानं कळायचं. गिलाव्याला कोणता माल लागतो, जोडकामाला कोणता, सगळं ठाऊक. एका मिस्त्रींच्या गैरहजेरीत तिनं आख्ख्या खोलीचा गिलावा केला होता, दुसऱ्या दिवशी त्यांना आपलं काम कुठलं आणि तिचं कुठलं ओळखता आलं नाही. तरी थापी तिच्या हातात परत कुणी दिली नाही.

मिस्त्रींचं नाव कुठं लागत नाही, हे तुम्ही लिहिलंत. आमच्या आईला तर मिस्त्रीही नावानं हाक मारत नव्हते. "ए बाई, माल आण." तुमच्या त्या लांबड्या वहीत बायकांची नावं कशी लिहिलेली आहेत, एवढंच सांगाल का?

---

ओळंबा

ताई, तुमचा प्रतिसाद रात्री वाचला आणि वह्या काढून बसले.

बायकांची नावं नाहीत. गड्यांची नावं आहेत, गावासकट आहेत. बायकांच्या पुढं अमक्याची मंडळी, तमक्याची आई, तांबड्या लुगड्यावाली. वही माझ्या अक्षरात आहे, आप्पा सांगायचे तसं मी लिहायची. सर्वांत जुन्या दोन वह्या माझ्या जन्माआधीच्या, आप्पांच्या अक्षरातल्या. त्यांत स्वतःच्या बायकोची, म्हणजे माझ्या आईची हजेरीसुद्धा "घरची" म्हणून लावलेली आहे. लग्नानंतरची पाच-सहा वर्षं आई त्यांच्याच कामावर पाट्या वाहायची. हजेरी लावलेली आहे, रक्कम कुठंच नाही.

हजेरीच्या दराबद्दल विचाराल तर बायकांना कमीच होती. गावात जो दर तोच आप्पांनी दिला, वर काही नाही. पैसे वेळेवर दिले, अंगावर काही आलं तर दवाखान्यात नेलं, हे सगळं खरं. पण दर बदलला नाही.

सकाळी आईला विचारलं, तुझ्याबरोबर कोण कोण असायचं? ती भाकरी थापत होती. थापता थापताच सांगायला लागली. एकेकीचं नाव, माहेर, कुणाला किती पोरं, कोण पुढं कुठं गेली, कोण परांचीवरून पडून कमरेत अधू झाली. भाकऱ्या संपल्या तरी ती सांगतच होती. मी वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून घेतली. सगळी लिहून झाल्यावर म्हणाली, माझं लिव्हलंस का?

---

बावड्याची लेक

माझ्या आईला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, त्यांच्या आईंना भेटायला जाऊया. पत्ता खरडवहीत टाका.

---

दसरा चौक

ज्यांच्या घरात आज कुणी बांधकामावर जातंय त्यांच्यासाठी कामाचं लिहितो. १९९६ च्या केंद्राच्या कायद्यानं बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळं आली, आपल्या राज्याचं मंडळ २०११ पासून आहे. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, तो या मंडळाकडे जमा होतो. म्हणजे तुमच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या इमारतीतून हा पैसा आधीच निघालाय, फक्त नोंदणी पाहिजे. वय १८ ते ६०, मागच्या बारा महिन्यांत किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. दाखला ठेकेदार देतो, गावात ग्रामसेवक, शहरात महापालिका. नोंदणीचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, तिथंच बरेच जण गळतात. पोरांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघातात मदत मिळते. बायकांनी स्वतःच्या नावावर नोंदणी करावी, नवऱ्याची आहे म्हणून थांबू नये. बावड्याच्या ताईंचा प्रतिसाद वाचून हे मुद्दाम लिहिलं.

आणखी एक. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आम्ही पोरं खासबागेच्या बाजूला उभी होतो. १९१५ सालचं नाट्यगृह, आतलं सगळं लाकूड गेलं. दगडी भिंती उभ्या राहिल्या. आमच्याबरोबर एक म्हातारे गवंडी होते, ते रडत नव्हते, भिंतीकडे बघत होते. "जोडणी बग कशी हाय," एवढंच म्हणत होते. नवं काम पुरं होईल तेव्हा पाटीवर पाहुण्यांबरोबर कारागिरांचीही नावं लागावीत, असं माझं म्हणणं आहे.

---

तांबडापांढरा

आज्जीला म्हाईत व्हतं! नाव, गाव, समदं. मिस्त्री चहात साखर तीन चमचे घ्यायचे ह्येबी म्हाईत. त्येंचा नातू फुलेवाडीत ऱ्हातोय, उद्या जाऊन येतो.

---

ओळंबा

मंडळी, एक ठरवलंय, त्यात तुमची मदत हवी.

उत्तरेश्वर पेठेत आप्पांनी दुरुस्त केलेला एक वाडा आहे. मालकांशी बोलले. जोत्याच्या बाहेरच्या बाजूला, पायऱ्यांच्या उजव्या हाताला एक दगड बसवायला ते तयार आहेत. त्या कामावर जेवढे लोक होते तेवढ्यांची नावं त्यावर घालायची. गड्यांची वहीतून, बायकांची आईच्या सांगण्यातून. आधी वस्ताद, मग आप्पा, मग सगळे एकाच मापाच्या अक्षरात. आईचं नाव "घरची" नाही, पूर्ण नाव.

आता अडचण दगडाची. दुकानदार पॉलिशचा काळा ग्रॅनाइट घ्या म्हणतो, भाऊ म्हणतो पांढरा संगमरवर उठून दिसेल. जाणकारांनी सांगावं.

---

टाकी-हातोडा

ताई, आमचा तीन पिढ्यांचा दगडाचा धंदा. जोतिबाच्या डोंगराकडं, वाडी रत्नागिरीच्या वाटेवर.

संगमरवर नको. पावसात रापतो, हळूहळू अक्षरं बुजायला लागतात. ग्रॅनाइट टिकाऊ, पण त्यावर मशीननं कोरत्यात आन रंग भरत्यात. रंग गेला की वाचता येत न्हाई, आन वाड्याच्या दगडाशेजारी तो परका दिसणार. आपलाच काळा दगड घ्या. तोंड साफ घडवून घ्यायचं, पॉलिश न्हाई. अक्षर दीड इंचाचं, हातानं खोदायचं, खोली पाव इंच तरी. मातीचा हात लावला तरी वाचता येतं.

बसवताना खालच्या थरात सांधवू नका, पायरीजवळ पाण्याचे शिंतोडे उडत्यात. जमिनीपास्नं दोन फूट वर घ्या. जुनं काम चुन्याचं असंल तर सिमेंट वापरू नका, चुनाच लागंल, तो मी आणतो. नावं किती हायत ते कळवा, त्यावर दगडाची लांबी ठरंल. येत्या अमावास्येला काम बंद असतंय, त्या दिवशी येऊन माप घिऊन जातो.

---

ओळंबा

सव्वीस नावं आहेत, दादा. बावड्याच्या ताईंच्या आई त्या दिवशी घरी येणार आहेत, त्यांना अजून दोघी आठवतायत म्हणे. अठ्ठावीस धरून चला.